वॅटची वट

काही वस्तूंची किंमत विचारली की विकणारा आधी आपल्या चपलांकडे बघतो आणि मग आकडा सांगतो. हिऱ्याच्या कुड्या, इंग्रजी शाळेतला प्रवेश आणि घरातल्या प्रवाळांच्या टँकवर लावायचा एलईडी दिवा, या तिन्ही गोष्टी त्या जातीच्या. पहिल्या दोन्हींवर आजवर पुष्कळांनी कागद काळे केले आहेत. तिसरीबद्दल कुणी बोलत नाही. ज्यांनी तो दिवा घेतला ते घरात खरी किंमत सांगू शकत नाहीत, आणि ज्यांनी घेतला नाही त्यांना तो कशाशी खातात हे ठाऊक नसतं. तेव्हा ही कामगिरी बँकेतल्या एका कारकुनाने अंगावर घेतली तर वाचकांनी राग मानू नये. दुसऱ्यांच्या पैशाचा हिशेब ठेवण्यात ज्याची बावीस वर्षं गेली, त्याने एकदा आपल्याही पैशाचा हिशेब चारचौघांत मागावा, एवढाच हेतू.

आधी टँकची ओळख करून देतो. आमच्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये, जिथे इतरांकडे शोकेस असते तिथे, अडीच फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची पेटी आहे. गुणाकार केला तर पाणी दीडशे लिटरच्या थोडं वर भरतं. पाणी खारं. त्यात दोन क्लाउनफिश, चार गोगलगायी आणि उरलेल्या जागेत प्रवाळ. टँक बघायला सासूबाई आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "पोवळं म्हणजे मंगळासाठी अंगठीत घालतात तेच ना?" मी म्हटलं, "त्याच्याच नात्यातलं, पण हे जिवंत आहे." त्यावर त्या म्हणाल्या, "मग याला जेवायला काय घालता?" शंभर शास्त्रज्ञ एका बाजूला आणि हा प्रश्न एका बाजूला! कारण सगळं रामायण तिथेच आहे. याला मुख्यतः उजेड जेवायला घालावा लागतो.

प्रवाळ हा दगड नव्हे आणि झाडही नव्हे, तो प्राणी आहे. पण स्वतः हातपाय हलवून पोट भरण्याचा त्याचा पिंड नाही. त्याने आपल्या शरीराच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवालं भाडेकरू ठेवलेली असतात. झूझँथेली हे त्या भाडेकरूंचं नाव; दारावरच्या पाटीवर मावणार नाही इतकं लांब. हे भाडेकरू उजेड खाऊन साखर तयार करतात आणि तिच्यातला मोठा वाटा घरमालकाला भाडं म्हणून देतात. मालक त्यांना राहायला जागा देतो आणि आपल्या शरीरातला कार्बन डायऑक्साइड व इतर टाकाऊ माल वापरायला देतो. पागडीच्या चाळीत मालक आणि भाडेकरू इतक्या गोडीगुलाबीने राहिल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मात्र उजेड कमी पडला की भाडं थकतं. आणि पाणी फार तापलं किंवा उजेड एकदम भडकला की मालक भाडेकरूंना सरळ बाहेर काढतो. रंग होता तो भाडेकरूंचा. ते गेल्यावर मागे उरतं ते पांढरंफटक प्रवाळ. हीच अवस्था लांबली तर मालकही उपाशी मरतो.

म्हणजे उजेड हा या घराचा पगार आहे. तो वेळेवर आणि पुरेसा व्हायलाच हवा. हे मी आधीच कबूल करून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणेल की हा कंजूष माणूस मुक्या जिवाच्या पोटावर पाय देतोय. माझं भांडण उजेडाशी नाही. उजेड विकण्याच्या पद्धतीशी आहे.

या भांडणातला पहिला पक्ष म्हणजे "महाग तेच चांगलं" हा संप्रदाय. याचे मठ दुकानात असतात आणि भक्त आपल्या सोसायटीत. मी एका दुकानात दिव्याची चौकशी केली. दुकानदाराने बासष्ट हजारांचा दिवा दाखवला. मी खालच्या फळीवरच्या एका साध्या काळ्या पेटीकडे बोट दाखवलं. त्याने चेहरा असा केला की जणू मी वरातीत बैलगाडी विचारली. म्हणाला, "साहेब, जिवाचा प्रश्न आहे." जिवाचा प्रश्न आहे, हे वाक्य मी आयुष्यात फक्त डॉक्टर, विमा एजंट आणि या दुकानदाराच्या तोंडून ऐकलं. तिघांच्याही बाबतीत पुढचं वाक्य रकमेचंच होतं.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअर साहेबांकडे तो दिवा आहे. त्यांनी मला मुद्दाम बोलावून दाखवला. मोबाइलच्या ॲपवर बोट फिरवलं की सकाळ होते, पुन्हा फिरवलं की संध्याकाळ. ढग येतात. विजा चमकतात. हो, टँकमध्ये विजा चमकवायची सोय आहे त्यात! मी विचारलं, "प्रवाळाला विजेचा काय उपयोग?" ते म्हणाले, "नॅचरल वाटतं." कुणाला वाटतं, हे त्यांनी सांगितलं नाही. तेवढ्यात खरी वीज गेली आणि सगळी सोसायटी अंधारात बुडाली. डोंबिवलीत इतकं नैसर्गिक वातावरण फुकट मिळत असताना त्यासाठी निराळे पैसे का मोजायचे, हे मला कळलेलं नाही.

आता दिव्याच्या खोक्यावर काय छापतात ते पाहू. सर्वांत मोठ्या अक्षरात असतात वॅट. वॅटची आपल्याकडे फार वट आहे. जास्त वॅट म्हणजे जास्त दिवा, हे आपण ट्यूबलाइटच्या दिवसांपासून धरून चाललो आहोत. पण हिशेबाच्या दृष्टीने पाहा. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो त्याचा आकडा. तो खर्च आहे, उत्पन्न नव्हे. एखादा गृहस्थ बँकेत कर्ज मागायला आला आणि "मी महिन्याला लाखभर रुपये उडवतो" हीच आपली पात्रता म्हणून सांगू लागला, तर मॅनेजर त्याला चहा पाजून वाटेला लावील. दिव्यांच्या बाजारात मात्र याच गृहस्थाला हार घालतात.

बरं, हा खर्चाचा आकडा तरी खरा असावा? स्वस्तातल्या काळ्या पेट्यांवर "१६५ वॅट" असं लिहिलेलं हमखास आढळतं. आत ५५ छोटे दिवे असतात. प्रत्येक दिवा ३ वॅटचा धरायचा, ५५ त्रिक १६५. गणित बिनचूक आहे, फक्त दिवे तेवढ्या जोराने कधीच चालवलेले नसतात. प्लगला वीज मोजायचं छोटं यंत्र लावा, आकडा बहुधा शंभर-सव्वाशेच्या आसपास थांबतो. म्हणजे पगाराच्या स्लिपवर ग्रॉस छापायचा आणि हातात नेट द्यायचा, असा हा प्रकार. स्वस्त दिवेवाल्यांचा हा खोटेपणा मी झाकणार नाही. पण गंमत अशी की या खोटेपणात ग्राहकाचं फारसं नुकसान नाही. दिवे कमी जोराने चालतात म्हणून कमी तापतात आणि बिलही कमी येतं. बढाई मारणारा नवरा निदान घरी कमी जेवला, तर बायकोची तक्रार कशाला?

वॅटच्या खाली लुमेन छापतात. वाचून वाटतं, हे तरी उत्पन्न असेल. आहे, पण ते आपल्या खात्यात जमा झालेलं उत्पन्न, प्रवाळाच्या नव्हे. लुमेन हे माप माणसाच्या डोळ्याच्या सोयीने ठरवलेलं आहे. आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा, कोवळ्या पोपटी रंगाचा उजेड सर्वांत जास्त दिसतो; त्याला पैकीच्या पैकी गुण. निळ्या उजेडाला हाच डोळा जेमतेम काठावर पास करतो. प्रवाळाचं नेमकं उलटं. समुद्राच्या पाण्यात तांबडा उजेड पहिल्या काही मीटरांतच विरतो, निळा सर्वांत खोल जातो. पिढ्यान्‌पिढ्या निळ्यावरच संसार केल्यामुळे त्या भाडेकरू शैवालांची भूकही मुख्यतः निळ्याची, साधारण ४२० ते ४८० नॅनोमीटरची. तेव्हा लुमेन बघून प्रवाळाचा दिवा घेणं म्हणजे आपल्याला पुरणपोळी आवडते म्हणून पाहुण्या मांजराला पुरणपोळी वाढणं.

"हा निळा उजेडच तर खास असतो साहेब, म्हणून किंमत." दुकानदाराचा हा युक्तिवाद मी पूर्वपक्ष म्हणून आदराने नोंदवतो, आणि आता त्याचा समाचार घेतो. निळा एलईडी एके काळी खरोखरच खास होता. तांबडा आणि हिरवा एलईडी बनून कित्येक वर्षं झाली तरी झगझगीत निळा कुणाला साधेना. अखेर जपानमध्ये १९९० च्या सुमारास इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांनी ते जमवलं, आणि २०१४ साली तिघांना पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. यांपैकी नाकामुरा एका कंपनीत नोकरीला होते. एवढ्या शोधाबद्दल कंपनीने त्यांच्या हातावर २० हजार येन ठेवल्याचं सांगतात. तेवढ्यात आमच्या युनियनने दिवाळीचा बोनससुद्धा स्वीकारला नसता. पुढे ते कोर्टात गेले आणि २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. जगातल्या समस्त नोकरदारांनी ही गोष्ट रोज सकाळी एकदा वाचावी.

पण मुद्दा असा, की हे सगळं होऊन गेलं. आज आपल्या बाथरूममध्ये जो पांढरा एलईडी बल्ब आहे, त्याच्या पोटातसुद्धा निळाच दिवा असतो. वर पिवळट पावडरचा थर दिलेला, म्हणून दोन्ही मिळून उजेड पांढरा दिसतो. २०१५ साली सरकारने उजाला योजना काढली तेव्हा वीज बिल दाखवून, रांगेत उभं राहून आपण ९ वॅटचे बल्ब घरी आणले. म्हणजे ज्याला नोबेल मिळालं तो निळा दिवा आपण त्या रांगेतच पिशवीत घालून आणला आहे. तो आता दुर्मीळ राहिलेला नाही. खास असेल तर पेटी, पंखा, भिंग, ॲप आणि ती वीज. त्यांचे पैसे घ्या, पण निळ्याच्या नावावर घेऊ नका.

मग दिवा पारखायचा कशावर? त्याचंही माप आहे. ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले, म्हणजे वनस्पतीच्या उपयोगाचे, किती प्रकाशकण एका सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात, ते मोजायचं. या मापाला पार म्हणतात. भर दुपारी उघड्या समुद्रावर हा आकडा २००० च्या घरात जातो. छंदातल्या अनुभवी लोकांचा ठोकताळा असा, की मशरूम नावाच्या मऊ, चपट्या प्रवाळाला ५० पुष्कळ झाले. झोअँथिड आणि लेदर ही मंडळी ८० ते १५० मध्ये सुखाने नांदतात. टणक फांद्यांचं ॲक्रोपोरा मात्र २०० ते ३५० मागतं. यातली मेख लक्षात आली का? खोक्यावर वॅट छापतात, लुमेन छापतात, हमी छापतात, क्वचित माशाचं हसरं चित्रही छापतात. पण अठरा इंच पाण्याखाली पार किती पडेल, ही एकच कामाची गोष्ट बहुतेक खोक्यांवर सापडत नाही.

हे मोजायचं यंत्र महाग येतं, हे खरं. म्हणून ते एकट्याने घेऊच नये. आम्ही डोंबिवली-कल्याणच्या सहा जणांनी भिशी लावावी तसे पैसे काढून एक यंत्र घेतलं. ते आळीपाळीने घरोघर फिरतं, गौरीच्या मुखवट्यासारखं. ज्याच्या घरी जाईल तिथे पोहे होतात. आमच्याकडे ते आलं त्या दिवशी साडेआठ हजारांच्या काळ्या पेटीखाली, निळे दिवे साठ टक्के आणि पांढरे वीस टक्के ठेवून, तळाशी मध्यभागी ९५ आणि कोपऱ्यात ४५ आकडा आला. मशरूम कोपऱ्यात, झोअँथिड मध्यभागी, लेदर थोडं वरच्या दगडावर. प्रत्येकाला आपापल्या ऐपतीची खोली मिळाली. एवढा साधा वाटप-तक्ता बासष्ट हजारांच्या बातमीपुढे कुणाला आठवत नाही.

पहिल्या पक्षाला झोडलं म्हणून दुसरा पक्ष खूश होईल, तर तसं नाही. दुसरा पक्ष म्हणजे आमचे मेहुणे. "बल्ब तो बल्ब! त्या उजाल्याचे चार लटकव की!" त्यांच्या म्हणण्यात दोन आणे तथ्य आहे. साध्या पांढऱ्या बल्बखाली मशरूम काही लगेच मरणार नाही. पण घरगुती बल्बचा उजेड चारी दिशांना उधळतो, टँकपेक्षा छताला जास्त मिळतो. तो कमीजास्त करता येत नाही. आणि मुख्य म्हणजे तो खाऱ्या पाण्यावर टांगण्यासाठी बनवलेला नाही. खाऱ्या पाण्याचे तुषार उडतात, मीठ साचतं, धातू गंजतो आणि मग एके दिवशी दिव्याऐवजी माणूस झटकन बाजूला होतो. अर्थिंग, गळतीचा करंट पकडून वीज तोडणारा स्विच, आणि पाणी ओघळलं तर प्लगमध्ये न जाता खालीच ठिबकावं म्हणून वायरीला दिलेला झोळ, या तीन गोष्टींत काटकसर करणाऱ्याला मी काटकसरी म्हणत नाही. त्याच्या वारसाचं नाव खात्याला लावलेलं आहे का, एवढंच विचारतो.

दिवा कमीजास्त करता येणं ही चैन नव्हे, गरज आहे. नवीन प्रवाळ आणलं की दिवा तिशी-चाळिशी टक्क्यांवर ठेवायचा आणि पुढचे काही आठवडे हळूहळू चढवायचा. एकदम भडक उजेडात ठेवलं की पांढरं पडलंच म्हणून समजा. उजेड कमी पडून प्रवाळ हळूहळू खंगतं, तेवढ्यात दुरुस्तीला वेळ तरी मिळतो. जास्त उजेडाने ते काही दिवसांत हातचं जातं. महागड्या, जोरदार दिव्याखाली पहिल्याच आठवड्यात प्रवाळ पांढरं करून बसलेली घरं मी पाहिली आहेत. सून घरात आल्या दिवशीच तिच्यावर सगळा स्वयंपाक टाकणाऱ्यांची ही टँकमधली आवृत्ती.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तो मुद्दा. आपल्याकडे एक गोष्ट आहे. एका माणसाला रस्त्यात घोड्याची नाल सापडली. तो आनंदाने म्हणाला, "आता फक्त तीन नाला आणि एक घोडा!" महागड्या दिव्याचं अगदी तसंच होतं. ३५० पार देणारा दिवा घरात आला की त्याच्याखाली पन्नासवालं मशरूम ठेवणं जिवावर येतं. मर्सिडीजमधून दळण आणल्यासारखं वाटतं. मग दिव्याला शोभेलसा घोडा शोधणं सुरू होतं. दुकानदार इकडेतिकडे बघून आतल्या खोलीचा पडदा सारतो आणि आतल्या टाकीतलं टणक प्रवाळ दाखवतो.

तो इकडेतिकडे का बघतो, हे आपण विचारत नाही. मी सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या परिशिष्ट एकमध्ये २००१ साली खडक उभारणारी सगळी टणक प्रवाळं घातली गेली. काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखेही घातले. परिशिष्ट एक म्हणजे वाघ ज्या रांगेत बसतो ती रांग. हॉलमध्ये वाघाचं पिल्लू ठेवून "याला उजेड कोणता लावू?" असं विचारणाऱ्याला आपण काय उत्तर देऊ? आणि ही प्रवाळं कुठे लांब लक्षद्वीपलाच असतात असंही नाही. मालवणच्या खडकांवर आहेत, आणि खुद्द मुंबईत हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरही सापडली. २०२० साली किनारी रस्त्याच्या कामात ती आड आली, तेव्हा महापालिकेला परवानग्या काढून, शास्त्रज्ञांना बोलावून ती उचलून दुसरीकडे बसवावी लागली. जिथे एवढ्या मोठ्या महापालिकेला अर्ज करावा लागतो, तिथे आपण पिशवीत घालून लोकलने घरी आणतो, आणि वर त्याला निसर्गप्रेम म्हणतो!

मशरूम, झोअँथिड आणि लेदर या यादीत नाहीत. तरीही ते समुद्रातून ओरबाडलेले नसावेत, टाकीत वाढवलेल्याची कलमं असावीत आणि त्यांची पक्की पावती मिळावी, असा आग्रह मी धरतो, कारकून आहे. शिवाय ही प्रजा कापून वाढवता येते. आमच्या लेदरच्या चार फांद्या आज चार घरांत आहेत. कढीपत्त्याचं रोप शेजारी द्यावं तशी दिली. आता जमाखर्च मांडा. जी प्रवाळं आपण उजळ माथ्याने पाळू शकतो, त्यांना पन्नास ते दीडशे पार लागतात. ते स्वस्त दिव्यातून मिळतात. ज्यांना साडेतीनशे लागतात, ती कायद्याने आपल्या हॉलची नव्हेत. मग बासष्ट हजारांचा दिवा कोणत्या जिवासाठी घ्यायचा, एवढं मला कुणीतरी समजावून सांगावं. मध्यमवर्गीयाचा खिसा आणि देशाचा कायदा यांचं एकमत होण्याचे प्रसंग फार थोडे येतात. आलेला दवडू नये.

विजेचंही बघा. पूर्वी अशा टँकवर २५० वॅटचे मेटल हॅलाइड दिवे लावत. रोज आठ तास म्हटलं तरी महिन्याला ६० युनिटं, आणि त्या दिव्याने तापलेलं पाणी थंड करायला निराळं यंत्र, त्याची युनिटं निराळी. आमची पेटी कमी जोराने चालवून साठ-सत्तर वॅट खाते. महिन्याला सोळा युनिटांच्या आसपास. युनिटला दहा रुपये धरले तर दीडशे-पावणेदोनशे रुपये. इथे तीनशे युनिटांची पायरी ओलांडली की दर चढतो, आणि दराच्या पाठोपाठ घरातले आवाजही. आमची सौभाग्यवती गेले दोन महिने स्वयंपाकघरातल्या लुकलुकणाऱ्या ट्यूबबद्दल बोलते आहे. "तुमच्या दगडांना उजेड लागतो, मला ओट्यावर नको का?" हा तिचा सवाल. स्वस्त दिवा घेतल्याने वाचलेल्या पैशांतून ओट्यावर नवी ट्यूब आली. बासष्ट हजारांचा दिवा घेतलेल्या घरी या सवालाला काय उत्तर देतात, ते विचारायला मी तिसऱ्या मजल्यावर गेलो होतो. इंजिनिअर साहेबांनी विषय बदलून चहा मागवला. चहा यायला वेळ लागला. ओट्यावर अंधार होता.

महाग दिव्यात काहीच नसतं असं मी म्हणत नाही. त्याचा पंखा आवाज करत नाही, उजेड चारी कोपऱ्यांत सारखा पसरतो, वर्षा-दोन वर्षांत बिघडला तर दुरुस्त करून देणारा कुणी असतो. ज्याला परवडतं त्याने अवश्य घ्यावा, मी काही त्याच्या घरावर मोर्चा नेणार नाही. मात्र घेताना "जिवासाठी" म्हणू नये, "मला हवा होता" म्हणावं. साडी घेणाऱ्या बायका एवढ्या प्रामाणिक असतात. दिवा घेणाऱ्या पुरुषांनी का नसावं?

तेव्हा दिवा घ्यायला निघालात तर आधी घरी बसून प्रवाळांची यादी करा, मग टँकची खोली मोजा, आणि मगच दुकानात जा. तिथे तीन प्रश्न विचारा. अठरा इंच पाण्याखाली पार किती पडतो? प्लगमध्ये खरी वीज किती खातो? आणि बिघडला तर आतला ड्रायव्हर आणि पंखा सुटा मिळतो का? तिन्ही उत्तरं सरळ आली तर किंमत विचारा. तो जर तुम्हाला वॅट सांगू लागला, विजा चमकवून दाखवू लागला किंवा आतल्या खोलीचा पडदा सारू लागला, तर वाद घालू नका. आम्ही बावीस वर्षं काउंटरवरून जे सांगत आलो ते एकदा ग्राहकानेही सांगून पाहावं: "इथलं काम झालं, आता पुढच्या खिडकीवर."